विमानांमागच्या पांढऱ्या रेषा : छुप्या फवारणीचा पुरावा म्हणून त्यांचे मोल किती?

टँपावासी (धागालेखन) :

फ्लोरिडात जून २०२५ मध्ये एका कायद्यावर राज्यपालांची सही झाली आणि हवामान, तापमान किंवा सूर्यप्रकाशाची तीव्रता बदलण्याच्या हेतूने हवेत कोणताही पदार्थ सोडणे हा येथे गुन्हा ठरला. दंड १ लाख डॉलरपर्यंत होऊ शकतो. टेनेसी राज्याने अशाच आशयाचा कायदा २०२४ मध्ये केला होता. तेव्हापासून आमच्या भागातील मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटात आकाशाच्या छायाचित्रांचा ओघ वाढला आहे. एकमेकींना छेद देणाऱ्या पांढऱ्या रेषा, तासाभरात पसरून विरळ ढगासारख्या झालेल्या रेषा, आणि त्यांखाली "आता तरी विश्वास बसेल का?" असा प्रश्न. या रेषा म्हणजे विमानांतून गुपचूप फवारलेली रसायने आहेत, आणि कायदा झाला त्याअर्थी ही फवारणी होतच असली पाहिजे, असे या मंडळींचे म्हणणे आहे.

यांत माझ्या जवळची माणसे आहेत. त्यांतील एका काकूंना दम्याचा त्रास आहे आणि रेषा दिसल्या की त्या दिवशी त्या घराबाहेर पडत नाहीत. त्यामुळे हे सगळे थोतांड आहे असे म्हणून मला मोकळे होता येत नाही, आणि त्यांच्या होला हो मिळवणेही मनाला पटत नाही.

सरकार किंवा लष्कर कधी काही फवारेल का, हा माझा प्रश्न नाही. रेषेची लांबी, रुंदी आणि टिकण्याचा काळ पाहून तिच्यात काय आहे हे खालून सांगता येते का, एवढेच मला जाणून घ्यायचे आहे. माझ्या मते ते सांगता येत नाही. कायद्याविषयीही मला असेच वाटते, कारण एखादी गोष्ट निषिद्ध ठरवली म्हणून ती घडत होती असे होत नाही. लोकांच्या मनातील भीतीची दखल घेऊनही कायदे होतात. जाणकारांनी कारणे देऊन लिहावे आणि कोणी कोणाची अक्कल काढू नये, ही विनंती.

मेघदर्शी :

हवामानशास्त्र हा माझ्या कामाचा विषय असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

जेट इंजिनात जळणारे इंधन हा केरोसिनचाच एक प्रकार आहे. ते १ किलो जळले की सुमारे सव्वा किलो पाणी तयार होते, कारण इंधनातील हायड्रोजनशी हवेतील ऑक्सिजनचा संयोग होतो. हे पाणी तप्त झोतातून वाफेच्या रूपात बाहेर पडते. अमेरिका आणि युरोपवर १० किलोमीटर उंचीवर तापमान उणे ५० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. गरम, दमट झोत आणि ही गोठवणारी हवा एकमेकींत मिसळू लागली की एका टप्प्यावर मिश्रण संपृक्त होते, म्हणजे त्यात आणखी बाष्प मावत नाही, झोतातील काजळीच्या सूक्ष्म कणांवर थेंब धरतात आणि लगेच गोठतात. हे कोणत्या तापमानाला आणि किती आर्द्रतेला घडेल याचे गणित अर्न्स्ट श्मिट यांनी जर्मनीत १९४१ मध्ये आणि हर्बर्ट ॲपलमन यांनी अमेरिकेत १९५३ मध्ये मांडले, आणि आजही तेच वापरले जाते.

वादाचा खरा मुद्दा रेषा टिकण्याचा आहे. वाफेची रेषा लगेच विरते आणि टिकते ती फवारणीची, असे सर्रास सांगितले जाते. प्रत्यक्षात रेषा किती वेळ टिकेल हे प्रामुख्याने भोवतालची हवा ठरवते. हवा कोरडी असेल तर बर्फाचे कण मिनिटभरात नाहीसे होतात. तीच हवा बर्फाच्या दृष्टीने अतिसंपृक्त असेल, म्हणजे बर्फ धरण्याइतके बाष्प तिच्यात असूनही ते धरायला कण नसतील, तर विमानाने पुरवलेले कण विरत नाहीत. ते भोवतालचे बाष्प ओढून घेत वाढतात आणि वाऱ्याबरोबर मैलोन् मैल पसरतात. आभाळभर पसरलेल्या अशा रेषेतील बहुतेक सगळा बर्फ त्या हवेत आधीपासून असलेल्या बाष्पाचा असतो, विमानातून आलेले पाणी त्यात नगण्य असते. "एवढे द्रव्य आले कुठून?" या प्रश्नाचे उत्तर हेच आहे, आणि मला ते या साऱ्या विषयातील सर्वांत महत्त्वाचे वाटते.

हे दमट थर पुष्कळदा काहीशे मीटर जाडीचेच असतात. त्यामुळे एकाच वेळी जाणाऱ्या दोन विमानांपैकी एकामागे लांबलचक रेषा उमटते आणि थोड्या वेगळ्या उंचीवरच्या दुसऱ्यामागे काहीच दिसत नाही. ओलसर आणि कोरड्या पट्ट्यांतून जाणाऱ्या विमानाची रेषा तुटक होते. तुटक रेषा म्हणजे कोणी तरी फवारणी बंद-चालू करते आहे, हा अर्थ त्यातून निघत नाही.

शक्य असेल त्याने साधी दुर्बीण घेऊन एक गोष्ट पाहावी. रेषा इंजिनाच्या तोंडापासून सुरू होत नाही. इंजिन आणि रेषा यांच्यामध्ये निळ्या आकाशाचा मोकळा तुकडा स्पष्ट दिसतो. झोत निवायला आणि हवेत मिसळायला जो क्षणभराचा अवधी लागतो, त्या अवधीत विमानाने कापलेले ते अंतर असते. पंखांखालच्या नळ्यांतून भुकटी किंवा द्रव सोडला असता तर तो नळीच्या तोंडापासूनच दिसला असता.

टिकणाऱ्या रेषा नव्या आहेत, हेही खरे नाही. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडवरून जाणाऱ्या अमेरिकी बॉम्बफेकी विमानांनी आकाश रेषांनी भरून टाकल्याची छायाचित्रे उपलब्ध आहेत. ११ मे १९४४ च्या सकाळच्या हवामाननोंदी ब्रिटिश संशोधकांनी पुढे तपासल्या, तेव्हा रेषा जिथे दाट होत्या तिथे सकाळचे तापमान शेजारच्या भागाच्या मानाने सुमारे ०.८ अंश कमी चढल्याचे त्यांना आढळले.

प्रश्नचिन्ह :

मी संशय घेणाऱ्यांपैकी आहे आणि न्यू जर्सीत राहतो. मेघदर्शी यांचे विवेचन मी दोनदा वाचले. त्यातील भौतिकशास्त्राला माझा आक्षेप नाही. माझा संशय वेगळ्या ठिकाणाहून येतो.

अमेरिकी नौदलाने १९५० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोवर जिवाणू फवारले होते. सेंट लुईस शहरात १९५० आणि ६० च्या दशकांत लष्कराने झिंक कॅडमियम सल्फाइड नावाचे द्रव्य गरीब, मुख्यतः कृष्णवर्णीय वस्त्यांवर उडवले होते, आणि तेथील रहिवाशांना कोणी विचारले नव्हते. ब्रिटनमध्येही पोर्टन डाउन या लष्करी संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी तेच द्रव्य वापरले. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकेने पाच वर्षे ढगांत रसायने सोडून शत्रूच्या वाटांवर पाऊस वाढवण्याचा उद्योग केला. ही कोणाच्या डोक्यातून निघालेली कथा नसून हा नोंदलेला इतिहास आहे. १९९६ मध्ये हवाई दलाच्याच एका अभ्यासगटाने २०२५ पर्यंत हवामानावर ताबा कसा मिळवता येईल यावर निबंध लिहिला. पुढे २००० मध्ये पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, नासासारख्या सरकारी संस्थांना सोबत घेऊन माहितीपत्रक काढले आणि रेषा निरुपद्रवी असल्याचे सांगितले. ज्यांनी आधी लपवले त्यांच्याच शब्दावर मी विसंबावे का? एकदा दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो.

शिवाय माझ्या लहानपणी साताऱ्याच्या आकाशात अशी जाळी कधी दिसली नाही. ती येथे जवळपास रोज दिसतात.

जुनेदप्तर :

प्रश्नचिन्ह यांनी दिलेला इतिहास खरा आहे आणि तो कोणी झटकून टाकू नये. मी या प्रकरणांची कागदपत्रे आवडीने वाचत आलो आहे, त्यामुळे त्यात भर घालतो.

सॅन फ्रान्सिस्कोत सप्टेंबर १९५० मध्ये नौदलाच्या जहाजाने किनाऱ्याजवळून सेराशिया मार्सेसेन्स या जिवाणूचा फवारा शहराकडे सोडला. हल्ला झाल्यास जिवाणू धुक्यातून किती आत पोहोचतील, हे त्यांना मोजायचे होते. त्याच सुमारास एका रुग्णालयात या जिवाणूचे अकरा रुग्ण आढळले आणि त्यांतील एक दगावला. त्याच्या कुटुंबाने पुढे दावा लावला, पण न्यायालयात तो टिकला नाही. १९७७ मध्ये लष्कराने सिनेटपुढे कबुली दिली की १९४९ ते १९६९ या काळात वस्तीच्या भागांत अशा २३९ चाचण्या झाल्या. सेंट लुईसमध्ये इमारतींच्या गच्च्यांवर आणि मोटारींवर यंत्रे बसवली होती. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९९७ मध्ये त्या द्रव्याचा अभ्यास करून, लोकांच्या वाट्याला आलेली मात्रा घातक नव्हती असा निष्कर्ष काढला. तो अनेक रहिवाशांना मान्य नाही आणि त्यांची नाराजी मला रास्त वाटते, कारण त्यांची संमतीच घेतली गेली नव्हती.

आता या प्रकरणांकडे एकत्र पाहा. वस्तीवर जी फवारणी खरोखर झाली, ती जहाजावरून, गच्चीवरून, मोटारीतून किंवा कमी उंचीवरच्या विमानातून झाली. सॅन फ्रान्सिस्कोच्या नागरिकांना त्या आठवड्यात आकाशात वेगळे काहीही दिसले नाही. ज्याला गुपचूप काही करायचे असते तो दहा जिल्ह्यांतून दिसेल अशी पांढरी रेघ मागे ठेवत नाही. दुसरे कारण मात्रेचे आहे. दहा किलोमीटरवर सोडलेला सूक्ष्म कण खाली यायला दिवस किंवा आठवडे लागतात आणि तेवढ्यात वारा त्याला दुसऱ्या खंडावर नेऊन सोडतो. एखाद्या शहराला लक्ष्य करणाऱ्याला तिथून फवारून काहीच साधत नाही.

आणि ही प्रकरणे उघडकीला आली ती पत्रकारांनी, सिनेटच्या समित्यांनी आणि माहितीच्या अधिकाराखाली कागद मागणाऱ्या नागरिकांनी आणली म्हणून. व्हिएतनामच्या पावसाचे प्रकरणही असेच बाहेर आले आणि त्यातूनच हवामानाचा शस्त्र म्हणून वापर करण्यास मनाई करणारा आंतरराष्ट्रीय करार १९७७ मध्ये झाला. सरकारवर संशय घ्यायचा असेल तर त्याची वाट कागदांतून जाते. छायाचित्रांच्या मागे लागलेली शक्ती तिकडे वळली तर मला आनंदच होईल.

कृष्णाकाठ :

प्रश्नचिन्ह यांनी साताऱ्याचा उल्लेख केला म्हणून विचारते. पश्चिम महाराष्ट्रावरून विमाने तर पुष्कळ जातात. मग टिकणाऱ्या रेषांची जाळी आपल्याकडे इतकी क्वचित का दिसतात?

मेघदर्शी :

याचे मुख्य कारण तापमान आहे. उष्ण कटिबंधात वातावरणाचा खालचा थर जास्त जाड असतो, त्यामुळे महाराष्ट्रावर १० किलोमीटरला साधारण उणे ३० ते ३५ अंशच असतात. रेषा उमटण्यासाठी साधारणपणे उणे ४० च्या आसपास किंवा त्याखाली जावे लागते. म्हणजे न्यू जर्सीवर ज्या उंचीला विमान रेषा काढत जाते, त्याच उंचीला साताऱ्यावर ते काहीही मागे न ठेवता जाऊ शकते. आपल्याकडे रेषा दिसतात त्या बहुतेक अधिक उंचीवरच्या लांब पल्ल्याच्या विमानांच्या असतात. आणि हिवाळ्यात वरची हवा पुष्कळदा कोरडी असल्यामुळे त्या लवकर विरतात. लहानपणीच्या तुलनेत वाहतूकही वाढली आहे, हे वेगळे सांगायला नको.

सोलापुरी :

कृत्रिम पावसाचा विषय निघाला आहे तर आमच्या जिल्ह्यात झालेल्या कामाविषयी लिहिणे मला कर्तव्य वाटते, कारण त्या विमानांविषयीही नाना अफवा उठल्या होत्या. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचा ढगांच्या अभ्यासाचा कार्यक्रम २००९ पासून चालू आहे आणि त्यातील २०१८ व २०१९ चे प्रयोग सोलापूर परिसरात झाले. विमानाच्या पंखांवर कॅल्शियम क्लोराइडच्या कांड्या बसवलेल्या असतात. ढगाच्या तळाशी, म्हणजे जमिनीपासून एक-दोन किलोमीटरवर जाऊन त्या पेटवतात. कांडीतून सुटणारा मीठकण बाष्प धरतो आणि थेंब लवकर मोठा होतो. काही ठिकाणी पाऊस सुमारे १८ टक्के वाढल्याचे संस्थेने पुढे प्रसिद्ध केले. मुळात ढग नसेल तर या कांड्यांचा काहीही उपयोग होत नाही.

हे काम जाहीर करून केले गेले, त्याचे निष्कर्ष छापले गेले, आणि तरीही गावांत "विमान ढग पळवून नेते" असे बोलले गेले. पवनचक्क्यांमुळे पाऊस पळतो, असे पश्चिम महाराष्ट्रात अनेक शेतकरी मनापासून मानत होते, ते येथील काहींना आठवत असेल. दुष्काळात होरपळलेल्या माणसाला कारण हवे असते आणि डोक्यावर दिसणारी नवी वस्तू सर्वांत आधी संशयाच्या फेऱ्यात सापडते. त्या माणसावर रागावून उपयोग नसतो. संस्थेने गावोगावी जाऊन कांडी दाखवली असती आणि तिच्यात काय आहे ते सांगितले असते तर फरक पडला असता, असे मला आजही वाटते.

परीक्षानळी :

मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. "पावसाच्या पाण्यात ॲल्युमिनियम, बेरियम आणि स्ट्रॉन्शियम सापडले" हा दावा या विषयात वारंवार येतो, म्हणून त्याबद्दल सांगते.

ही तिन्ही मूलद्रव्ये मातीत असतात. पृथ्वीच्या कवचात ॲल्युमिनियमचे वजनी प्रमाण सुमारे ८ टक्के आहे; ऑक्सिजन आणि सिलिकॉन यांच्यानंतर त्याचाच क्रमांक लागतो. अंगणात उघडे ठेवलेल्या भांड्यात धूळ पडतेच, आणि तळाशी बसलेला गाळ ढवळून नमुना दिला तर ॲल्युमिनियम सापडले नाही तरच मी यंत्र पुन्हा तपासेन. त्या नमुन्यात ॲल्युमिनियम आहे का, या प्रश्नाचे उत्तर जवळजवळ नेहमी होकारार्थी असते. विचारायचे असते ते हे की अपेक्षेपेक्षा ते जास्त आहे का, आणि बेरियमशी, सिलिकॉनशी त्याचे गुणोत्तर स्थानिक मातीपेक्षा वेगळे आहे का.

एकक नीट न वाचल्याने काय होते त्याचे एक उदाहरण लुइझियानातील आहे. २००७ मध्ये तेथील एका दूरचित्रवाणी वाहिनीने, भांड्यात साठवलेल्या पाण्यात बेरियम दशलक्ष भागांत ६.८ भाग आढळले आणि ते ईपीएच्या मर्यादेच्या तिपटीहून अधिक आहे, असे सांगितले. अहवालावरचा आकडा होता ६८.८, आणि त्यापुढचे एकक होते अब्ज भागांत भाग. पिण्याच्या पाण्यातील मर्यादा त्याच एककात २,००० येते. म्हणजे मर्यादेच्या तिपटीऐवजी ते प्रमाण मर्यादेच्या साडेतीन टक्के होते. आकडा आणि एकक नीट न वाचल्यामुळे शंभर पटींचा घोळ झाला, आणि तो कार्यक्रम पुढे कित्येक वर्षे पुरावा म्हणून फिरत राहिला. पुरावा गोळा करणाऱ्याचा हेतू चांगला असला तरी चालणार नाही, मोजमापही काटेकोर लागते.

प्रश्नचिन्ह :

जुनेदप्तर आणि परीक्षानळी यांचे मुद्दे मला महत्त्वाचे वाटले. पण माझी एक हरकत शिल्लक आहे. २०१६ मध्ये ७७ तज्ज्ञांना विचारले आणि त्यांपैकी ७६ जणांनी छुप्या मोहिमेचा पुरावा आढळला नाही असे सांगितले, हे सर्वेक्षण जिथेतिथे पुढे केले जाते. ती मते झाली. विमानामागे जाऊन कोणी मोजले आहे का?

मेघदर्शी :

ही हरकत योग्य आहे. त्या सर्वेक्षणात तज्ज्ञांना छायाचित्रे आणि तपासणीचे अहवाल दाखवून त्यांचे स्पष्टीकरण मागितले होते, तरी ते शेवटी मतच. अपवाद ठरलेल्या एका तज्ज्ञाने दुर्गम भागातील हवेत बेरियमचे प्रमाण जास्त आढळल्याचे कारण दिले होते. तेही त्या अभ्यासात लपवलेले नाही.

प्रत्यक्ष मोजमापे मात्र झाली आहेत. जर्मनीच्या डीएलआर या विमान व अवकाश संशोधन संस्थेने २००८ मध्ये आपले फाल्कन विमान नियमित प्रवासी विमानांच्या मागे, त्यांच्या ताज्या रेषेत नेले. नासाने २०१३ आणि २०१४ मध्ये डीसी-८ विमानामागे उपकरणे लावलेली विमाने उडवली, आणि दुसऱ्या वर्षी त्यात जर्मनी व कॅनडाचीही विमाने होती. बर्फकण, काजळी, नायट्रोजनची ऑक्साइडे आणि इंधनातील गंधकापासून बनलेले सल्फेट असे द्रव्य या मोजमापांत मिळाले. निम्मे जैवइंधन मिसळले की कणांची संख्या ५० ते ७० टक्क्यांनी घटते, हे नासाच्या त्या उड्डाणांतूनच कळले. इंधन बदलले की रेषेतील कण बदलतात, याचा अर्थ ते कण इंधनातून येतात.

सूर्यप्रकाश परावर्तित करण्यासाठी कण सोडण्याच्या ज्या योजना शास्त्रज्ञ खरोखर मांडतात, त्या सुमारे २० किलोमीटर उंचीच्या आहेत. प्रवासी विमाने १० ते १२ किलोमीटरवर उडतात आणि त्यापेक्षा फार वर जाऊ शकत नाहीत. हार्वर्डच्या एका गटाला स्वीडनमध्ये २०२१ साली फक्त फुग्याची आणि उपकरणांची चाचणी घ्यायची होती, कण सोडायचेही नव्हते. तरी स्थानिक सामी लोकांच्या विरोधामुळे ती रद्द झाली आणि २०२४ मध्ये सारा प्रकल्पच गुंडाळला गेला.

टँपावासी :

मला काकूंना काय सांगायचे ते आता पुष्कळसे स्पष्ट झाले. डोक्यावरच्या रेषेतून त्यांच्या अंगणात त्या दिवशी काही उतरत नाही. त्यांनी रेषांऐवजी ओझोनचा आणि सूक्ष्मकणांचा त्या दिवसाचा निर्देशांक पाहावा, हे मी त्यांना समजावणार आहे.

त्याच वेळी विमानांच्या प्रदूषणाची त्यांची काळजी निराधार आहे असेही मला म्हणायचे नाही. लॉस एंजेलिसच्या विमानतळापासून वाऱ्याच्या दिशेला १६ किलोमीटरपर्यंत अतिसूक्ष्म कणांची संख्या दुपटीने वाढलेली २०१४ च्या अभ्यासात आढळली होती. त्याहून मला अस्वस्थ करते ते शिसे. पिस्टन इंजिनाच्या छोट्या विमानांत येथे आजही शिसेयुक्त पेट्रोल वापरले जाते. ते जमिनीलगत, प्रशिक्षणाच्या छोट्या धावपट्ट्यांभोवती, शाळांशेजारी जळते. ईपीएने ऑक्टोबर २०२३ मध्ये ते आरोग्याला धोकादायक असल्याचे अधिकृतपणे मान्य केले, आणि ते २०३० अखेर बंद करण्याचे उद्दिष्ट आहे. त्याची रेषा उमटत नाही, म्हणून त्याचे छायाचित्र कोणी गटात टाकत नाही.

मेघदर्शी :

एक भर घालतो. रेषा विषारी नाहीत म्हणून त्या निरुपद्रवी आहेत असे मी म्हणणार नाही. पसरलेल्या रेषा रात्री पृथ्वीची उष्णता अडवतात, आणि विमानवाहतुकीमुळे होणाऱ्या तापमानवाढीत त्यांचा वाटा तिच्या कार्बन डायऑक्साइडएवढा किंवा त्याहून अधिक असू शकतो. २०२३ मध्ये अमेरिकन एअरलाइन्स आणि गूगल यांनी ७० उड्डाणांत, अंदाज पाहून दमट थर टाळण्यासाठी उंची थोडी बदलली, तेव्हा रेषा ५४ टक्क्यांनी कमी झाल्या. जाळी नको असणाऱ्यांनी विमान कंपन्यांकडे ही मागणी लावून धरावी. ती आजच्या तंत्रात बसणारी आहे.

प्रश्नचिन्ह :

माझा सरकारवरचा अविश्वास गेलेला नाही आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही. पण रेषेचे छायाचित्र मी यापुढे पुरावा म्हणून पाठवणार नाही. आमच्या गावाजवळच्या धावपट्टीवर शिसेयुक्त इंधन किती विकले जाते, याची माहिती मी लेखी अर्ज करून मागवतो. फ्लोरिडाच्या कायद्याप्रमाणे तेथील सार्वजनिक विमानतळांनी ऑक्टोबर २०२५ पासून हवामान बदलण्याची उपकरणे असलेल्या विमानांची माहिती दरमहा द्यायची आहे. टँपावासी, ते अहवाल पाहायला मिळाले तर येथे त्यांचा सारांश द्याल का? आणि परीक्षानळी, पावसाचे पाणी तपासायचेच असेल तर नमुना कसा घ्यावा?

परीक्षानळी :

आम्लाने धुतलेल्या प्लास्टिकच्या दोन बाटल्या प्रयोगशाळेकडूनच मागून घ्या. घरची बरणी किंवा धातूचे झाकण नको. एकीत पाऊस घ्या, जमिनीपासून दीड-दोन मीटर उंचावर आणि पाऊस सुरू होऊन थोडा वेळ गेल्यावर, म्हणजे हवेतली धूळ धुऊन गेलेली असेल. दुसरीत प्रयोगशाळेने दिलेले शुद्ध पाणी भरून ती त्याच जागी तेवढाच वेळ ठेवा, कारण तिच्याशी तुलना केल्याशिवाय पहिलीच्या आकड्याला अर्थ नाही. गाळलेल्या आणि न गाळलेल्या पाण्याचे आकडे वेगवेगळे मागा, सोबत अंगणातील मूठभर मातीही तपासायला द्या, आणि रेषा नसलेल्या दिवसाच्या पावसाचेही असेच नमुने घ्या. अहवाल आला की आकड्याआधी त्याचे एकक वाचा. हवे असल्यास तो येथे टाका, मी पाहून सांगेन.

टँपावासी :

अहवाल मिळताच याच धाग्यावर देते.